जनावरांच्या त्वचेचा कर्करोग वेळेत कसा ओळखावा आणि पुढे काय करावे

एखाद्या गाईच्या कानाच्या टोकाला बारीकशी खपली धरते. ती निघून जाते, थोडे रक्त येते आणि आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा खपली दिसते. काटा लागला असेल, शेजारच्या जनावराने शिंग मारले असेल किंवा गोचीड ओढताना कातडी निघाली असेल, असे समजून तिथे हाताशी असेल ते मलम लावले जाते आणि असे करता करता तीन-चार महिने निघून जातात. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच, मुद्दाम लक्ष जाऊ नये इतकी साधी असते. जनावर खाते-पिते, दूध देते, कामाला जाते. त्यामुळे त्या खपलीकडे रोग म्हणून पाहिलेच जात नाही. पाहिले जाते तेव्हा तिथे फुलकोबीच्या गड्ड्यासारखी मांसाची वाढ झालेली असते, तिला दुर्गंधी येत असते आणि जे काम छोट्या शस्त्रक्रियेत आटोपले असते ते हाताबाहेर गेलेले असते. म्हणून या लेखात उपचारांपेक्षा पाहणीला अधिक जागा दिली आहे. उपचार पशुवैद्याने करायचे आहेत. पाहणी मात्र रोज जनावराजवळ वावरणाऱ्यानेच करायची आहे.

हा रोग कुठे आणि कशामुळे होतो

गुरे, मेंढ्या, शेळ्या आणि घोडे यांच्यात त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींपासून सुरू होणारा कर्करोग वारंवार आढळतो. पशुवैद्य त्याला स्क्वामस सेल कार्सिनोमा म्हणतात. त्याच्यामागचे मोठे कारण म्हणजे उन्हातील अतिनील किरण. हे किरण पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा करतात आणि वर्षानुवर्षे साचत गेलेली ही इजा शेवटी पेशींची वाढ बेबंद करते. त्वचेतील काळे रंगद्रव्य हे किरण अडवते; म्हणून रंगद्रव्य नसलेली, केस विरळ असलेली आणि उन्हाकडे तोंड करून असलेली जागा सर्वांत आधी बळी पडते. पापण्या, नाकाचा शेंडा, कानांची टोके, निरण (मादीचे बाहेरून दिसणारे जननांग), गुदद्वाराभोवतालची कातडी आणि पांढऱ्या कासेचा उघडा भाग या त्या जागा होत. जनावराचे केस पांढरे आहेत की काळे, यापेक्षा केसांखालची कातडी गुलाबी आहे की काळी हे पाहणे महत्त्वाचे आहे. पुष्कळ पांढऱ्या जनावरांची कातडी काळीच असते आणि त्यांना हा धोका फारसा नसतो. म्हशीच्या काळ्या कातडीलाही हेच लागू पडते.

ऊन हे एकच कारण नव्हे. जुने डाग, भाजल्याचे व्रण, वर्षानुवर्षे घासली जाणारी जागा यांतूनही कर्करोग निर्माण होतो; ओळखीसाठी तापलेल्या लोखंडाने उठवलेल्या खुणेवर काही वर्षांनी गाठ आल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. काही गाठींमागे पॅपिलोमा गटातील, म्हणजे चामखिळी आणणारे, विषाणू असतात, तर काहींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. वय हा आणखी एक दुवा आहे. गुरांच्या डोळ्याचा कर्करोग चार वर्षांखालील जनावरात क्वचित दिसतो आणि आठव्या वर्षाच्या आसपास त्याचे प्रमाण बरेच वाढते. त्यामुळे दोन वर्षांच्या कालवडीच्या मानेवरील खरखरीत गाठ आणि नऊ वर्षांच्या गाईच्या पापणीवरील खरखरीत गाठ या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहता येत नाही.

महिन्यातून एकदा करायची पाहणी

रोज धार काढताना किंवा खरारा करताना जनावर नजरेखालून जाते खरे, पण सवयीची नजर नेमके नेहमीचे तेच पाहते. म्हणून महिन्यातील एक दिवस ठरवून प्रत्येक जनावर डोक्यापासून शेपटीपर्यंत हाताने चाचपून पाहावे. यासाठी सकाळचा उजेड चांगला. जनावर सावलीत बांधावे, कारण कडक उन्हात ते डोळे मिटून घेते आणि पापण्यांच्या कडा दिसत नाहीत. हात स्वच्छ धुवावेत, जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि निरोगी जनावरांची तपासणी आधी करून जखमी जनावर शेवटी पाहावे.

डोळ्यापासून सुरुवात करावी. म्होरकीने डोके खांबाला जवळ बांधून, कुणाला तरी धरायला सांगून, पापण्यांच्या कडांवरून नजर फिरवावी. तिथे वाळलेल्या चिपडासारखे काही चिकटलेले दिसले तर ते ओल्या कापसाने पुसावे. चिपड पुसले जाते. कर्करोगपूर्व खपली पुसली जात नाही आणि ओढली तर तिच्याखालून रक्त येते. मग वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळ्याच्या गोळ्यावर अगदी हलका दाब द्यावा. असे केले की नाकाकडच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी आपोआप पुढे सरकते. तिची मोकळी कड गुलाबी आणि गुळगुळीत असायला हवी. शेवटी बुबुळाचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेषा पाहावी, विशेषतः कानाच्या बाजूची. डोळ्याच्या गोळ्यावरील बहुतेक गाठी याच रेषेवर सुरू होतात. आरंभी तिथे तांदळाच्या कणीएवढा, किंचित उंच, पांढरट चट्टा असतो. नंतर तो चामखिळीसारखा खडबडीत होतो आणि त्यानंतर लाल, ठिसूळ, चटकन रक्त येणारी वाढ दिसू लागते. पहिल्या अवस्थेतील काही चट्टे आपोआप विरूनही जातात, म्हणून चट्टा दिसताच हातपाय गाळण्याचे कारण नाही; पण तो नोंदवून ठेवायचा आणि वाढतो की नाही यावर लक्ष ठेवायचे.

डोळ्यानंतर नाकपुड्या, ओठ, कानांच्या दोन्ही बाजू, मान, वशिंड, खांदा, पाठ, कास, सड आणि शेपूट उचलून खालची जागा अशा क्रमाने यावे. शेपटीखाली पाहायचे राहून जाते, आणि मेंढ्या-शेळ्यांत नेमकी तीच जागा महत्त्वाची असते. अखेरीस लसिका गाठी, म्हणजे रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या शरीरातल्या नैसर्गिक गाठी (लिम्फ नोड), चाचपाव्यात. कानाच्या बुडाखाली जबड्याच्या मागच्या कडेशी, जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि कासेच्या वर मागच्या बाजूस त्या असतात. कानाखालची गाठ निरोगी गुरात बोटांना जेमतेम लागते. एका बाजूची गाठ स्पष्ट, टणक आणि दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी लागली, आणि त्याच बाजूच्या डोळ्यावर किंवा कानावर व्रण असेल, तर रोग पुढे सरकल्याचा संशय धरावा.

काही आढळल्यास त्याची नोंद मोघम ठेवू नये. “छोटी गाठ” हे वर्णन महिन्याभराने काहीच सांगत नाही. गाठीशेजारी एखादे नाणे किंवा मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे, लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा छायाचित्र घ्यावे. साधी जखम दोन आठवड्यांत लहान होताना दिसते. तीन आठवडे स्वच्छता आणि योग्य मलमपट्टी करूनही जी जखम लहान झाली नाही, किंवा भरून पुन्हा उघडली, ती पशुवैद्याला दाखवायची, हा नियम मी स्वतः कधी शिथिल करीत नाही. डोळ्याजवळच्या व्रणासाठी तर तीन आठवडेही थांबू नये.

शिंगाचा कर्करोग

काटेकोरपणे बोलायचे तर हा त्वचेचा रोग नव्हे. मोठ्या जनावराच्या शिंगाच्या आत हाडाचा पोकळ गाभा असतो, ही पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला जोडलेली असते आणि कर्करोग सुरू होतो तो तिच्या आतल्या अस्तरात. पण पेशींचा प्रकार तोच आहे आणि भारतीय उपखंडातील वशिंडाच्या गुरांत, विशेषतः मोठ्या शिंगांच्या बैलांत, तो इतका परिचित आहे की त्याला वगळून चालणार नाही. गाईंपेक्षा बैलांत, आणि साधारणपणे पाच ते दहा वर्षांच्या वयात, तो अधिक आढळतो. बहुधा एकच शिंग बाधित होते.

या रोगाची पहिली लक्षणे शिंगावर दिसतच नाहीत, आणि इथेच फसगत होते. बैल डोके झटकू लागतो, एकच शिंग खांबाला किंवा झाडाला घासतो, जू ठेवताना मान काढून घेतो आणि उभा असताना डोके एका बाजूला कलते ठेवतो. हा खोडकरपणा समजून त्याला दटावले जाते. त्यानंतर त्याच बाजूच्या नाकपुडीतून अधूनमधून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगाची पोकळी कपाळाच्या पोकळीतून नाकाशी जोडलेली असल्यामुळे शिंगातील रक्त नाकावाटे बाहेर पडते. नाकातून रक्त म्हटले की उष्णतेचा किंवा नाकात शिरलेल्या जळवेचा विचार आधी होतो. अशा वेळी दोन्ही शिंगांच्या बुडाशी तळहात ठेवून उष्णतेची तुलना करावी आणि बोटाच्या पेराने दोन्ही शिंगांवर आळीपाळीने ठोकून पाहावे. निरोगी शिंग पोकळ वाजते. आतून गाठीने किंवा पुवाने भरलेले शिंग बद्द वाजते आणि ठोकताच जनावर डोके मागे घेते. पुढे शिंग बुडाशी मऊ पडते, वाकते, डुगडुगते आणि अखेर गळून पडते. त्या जागी लाल, फुलकोबीसारखी, दुर्गंधीयुक्त वाढ उघडी पडते आणि तिच्यात अळ्या पडतात. शिंग हलू लागण्याच्या आधी शस्त्रक्रिया झाली तर जनावर कामाला परत येण्याची आशा चांगली असते. वाढ कपाळाच्या पोकळीत पसरल्यावर ही आशा झपाट्याने कमी होते.

मेंढ्या, शेळ्या, घोडे आणि इतर

मेंढ्यांत कान, नाक आणि निरण या जागा महत्त्वाच्या आहेत. जिथे मेंढ्यांच्या शेपट्या कापल्या जातात तिथे त्या फार आखूड कापल्यास निरण कायमची उन्हात उघडी पडते आणि तिथे कर्करोग होण्याचे प्रमाण वाढते. मेरिनो मेंढ्यांच्या कळपांत हा संबंध स्पष्टपणे दिसून आलेला आहे. शेपटीचे टोक निरणेच्या खाली येईल इतकी लांबी ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. पांढऱ्या कातडीच्या शेळ्यांत, उदाहरणार्थ सानेन आणि अंगोरा जातींत, कास, सड, निरण आणि कान तपासावेत.

घोड्यांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्यांच्यात सर्वांत अधिक आढळणारी त्वचेची गाठ म्हणजे सार्कॉइड. तिच्यामागे गुरांच्या चामखिळीचा विषाणू, मुख्यतः त्याचे १ आणि २ हे प्रकार, असतो. ती शरीरात इतरत्र पसरत नाही, पण अर्धवट कापली की पूर्वीपेक्षा जोमाने वाढते. म्हणून घोड्याच्या अंगावरील चामखिळीसारख्या गाठीला दोरा बांधणे, खरवडणे किंवा “थोडी काढून पाहणे” हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. वयानुसार पांढऱ्या पडणाऱ्या करड्या घोड्यांत काळ्या, टणक, वेदनारहित गाठी शेपटीच्या खालच्या बाजूस, गुदद्वाराभोवती आणि कानाखाली येतात. हा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची गाठ होय. १५ वर्षांवरील करड्या घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांत अशा गाठी आढळतात. घोडा करडा करणाऱ्या जनुकीय बदलाचा या गाठींशी संबंध असल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले. या गाठी वर्षानुवर्षे शांत राहतात आणि मग कधीतरी वाढू लागतात. लहान असतानाच काढून टाकण्याकडे आता अधिक कल आहे. खच्ची केलेल्या वयस्क घोड्यांत लिंगाच्या आवरणात साचणाऱ्या मळाखाली व्रण लपून राहतो, म्हणून ती जागा कोमट पाण्याने वेळोवेळी धुवून पाहावी.

डुकरांच्या काही जातींत, जसे ड्युरॉकमध्ये, पिल्लांच्या अंगावर जन्मतः काळ्या गाठी असतात आणि त्यांतील पुष्कळ आपोआप विरतात. कोंबड्यांत त्वचेच्या गाठी बहुधा पिसे काढल्यावरच नजरेस येतात. पिसांच्या मुळांशी जाड गाठी दिसल्यास मारेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाचा विचार करावा, आणि तो कळपाचा प्रश्न असल्याने एका पक्ष्यावर उपचार करण्यात अर्थ नसतो.

कर्करोगासारखे दिसणारे दुसरे रोग

प्रत्येक गाठीला कर्करोग समजणे हेही उशीर करण्याइतकेच नुकसानीचे आहे. त्यात चांगली जनावरे हकनाक विकली जातात. दोन वर्षांखालील जनावरांच्या मानेवर, डोळ्यांभोवती आणि सडांवर येणाऱ्या चामखिळी विषाणूजन्य असतात आणि बहुधा काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, आपोआप गळतात. लम्पी त्वचा रोगात ताप येऊन अंगभर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी काही दिवसांतच उठतात. कर्करोग असा एका आठवड्यात अंगभर येत नाही. अपवाद एक आहे: एक ते तीन वर्षांच्या गुरांत क्वचित त्वचेतील लसिका पेशींचा कर्करोग होतो आणि त्यात मान, पाठ व मांड्यांवर अनेक गाठी येतात. त्या काही काळ ओसरतातही, त्यामुळे बरे झाल्याचा भास होतो. वशिंडावर किंवा कानावर खाज सुटणारा, माश्या बसलेला जुना व्रण बारीक कृमींमुळे असू शकतो. जबड्याच्या हाडाला चिकटलेली टणक गाठ जिवाणूंमुळे, आणि बैलाच्या मानेवरील सूज जुवाच्या घर्षणाने आलेली खांदेसूज असू शकते. मेंढ्या-शेळ्यांच्या ओठांवरील खपल्या एकाच वेळी अनेक करडांत दिसल्या तर तो संसर्ग आहे.

एका रोगाबाबत मात्र विशेष सावध राहावे, कारण तोही गुलाबी कातडीवरच येतो. घाणेरीसारखी वनस्पती खाल्ल्याने यकृत बिघडले की हरितद्रव्यापासून तयार होणारा एक घटक शरीराबाहेर न पडता रक्तात साचतो आणि उन्हात कातडी होरपळते. काळ्या-पांढऱ्या गाईवर हे पाहण्यासारखे असते: पांढऱ्या पट्ट्यावरील कातडी सुजून, तडकून, कागदासारखी सोलून निघते आणि काळ्या पट्ट्याची हद्द लागली की एखादी रेघ मारावी तशी ती थांबते. एकाच वेळी सगळे पांढरे भाग बिघडले असतील तर तो कर्करोग नव्हे. जनावर तत्काळ सावलीत घ्यावे, चारा बदलावा आणि यकृतासाठी उपचार सुरू करावेत. यात कावीळही दिसते.

पशुवैद्य येईपर्यंत

जखम स्वच्छ ठेवावी, माश्यांपासून वाचवावी आणि तिला डिवचू नये, एवढेच काम पशुपालकाचे आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवून त्या पाण्याने व्रण हळुवार धुवावा. भोवतालच्या निरोगी कातडीला माश्या दूर ठेवणारे मलम लावावे. डोळ्याजवळ मात्र पशुवैद्याने सांगितल्याशिवाय काहीही लावू नये. अळ्या पडल्या असतील तर त्या चिमट्याने काढाव्यात. रॉकेल, फिनाईल किंवा इंजिनचे जुने तेल ओतू नये. त्याने अळ्या मरतात, पण उघडे मांसही जळते आणि नंतर पशुवैद्याला निरोगी उती कुठे संपते आणि रोगट कुठे सुरू होते हे कळत नाही. चुना, मोरचूद किंवा तापलेली सळई यांनी गाठ वरून जळून सपाट दिसते, आणि आत ती वाढतच राहते. या उपायांनी गाठ “बसल्याचे” समाधान मिळते, आणि त्या समाधानात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

पशुवैद्य आल्यावर गाठ कधी दिसली, किती वाढली, जनावराचे वय, गाभण आहे का, पूर्वी काय लावले, हे न लपवता सांगावे. डागले असेल तर तेही सांगावे. केवळ पाहून केलेले निदान हा अंदाज असतो. खात्री होते ती गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. हा तुकडा मधल्या सडक्या भागातून नव्हे, तर रोगट आणि निरोगी कातडी जिथे मिळतात त्या कडेचा घ्यावा लागतो. तो एक सेंटिमीटरहून जाड नसावा, त्याच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मालिनमध्ये रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावा आणि बाटलीवर जनावराचा क्रमांक, वय, जागा व तारीख लिहावी. तुकडा गोठवू नये. बर्फात पेशी फुटतात आणि प्रयोगशाळेतून “नमुना तपासणीयोग्य नाही” असे उत्तर येते. नमुना घरगुती फ्रीजच्या बर्फकप्प्यात ठेवल्यामुळे निदान पंधरा दिवस लांबल्याचे मी पाहिले आहे.

उपचारांची निवड

लहान आणि उथळ गाठीसाठी तीन मार्ग चांगले आहेत. पहिला, भोवतालच्या निरोगी कातडीच्या रुंद कडेसह ती कापून काढणे. दुसरा, द्रव नायट्रोजनने गोठवणे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात साठवतात तोच हा उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव. गाठीची उती किमान उणे २५ अंशांपर्यंत थंड करून, हळूहळू वितळू देऊन, पुन्हा एकदा गोठवावी लागते. एकदाच गोठवल्यास काही पेशी तग धरतात. तिसरा, विशिष्ट उपकरणाने गाठीला ५० अंशांवर ३० सेकंद उष्णता देणे, जो डोळ्यावरील छोट्या गाठींसाठी वापरला जातो. तिसऱ्या पापणीवर गाठ असेल तर ती पापणीच काढून टाकतात आणि गुरांना त्याने फारसे अडत नाही. कानाची गाठ टोकाशी असेल तर कानाचा तेवढा भाग काढणे पुरेसे असते.

गाठ डोळ्याच्या गोळ्यात शिरली असेल तर संपूर्ण डोळा काढावा लागतो. हे ऐकायला कठोर वाटते, पण गाय एका डोळ्यावर चांगली चरते, विते आणि दूध देते. फक्त तिच्याजवळ नेहमी दिसत्या बाजूने जावे, जाताना आवाज द्यावा आणि दावणीत आंधळी बाजू भिंतीकडे येईल अशा जागी तिला बांधावे. शिंगाच्या कर्करोगात शिंगाच्या मुळाशी जाणाऱ्या नसेला भूल देऊन शिंग बुडापासून काढतात आणि कपाळाची पोकळी उघडी राहू नये म्हणून कातडीने झाकून टाके घालतात. त्यानंतर जखम भरेपर्यंत जनावर कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावे, दाव्याचा किंवा म्होरकीचा दाब जखमेवर येऊ देऊ नये आणि रोज ड्रेसिंगवर माश्या बसत नाहीत ना, ते पाहावे.

व्हिनक्रिस्टीनसारखी कर्करोगाची औषधे काही ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर शिरेतून दिली जातात. ती शिरेबाहेर सांडली तर भोवतालची उती सडते, आणि त्यांचा अंश दूध, शेण व मूत्र यांतून बाहेर पडतो. अनेक देशांत दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत ती वापरण्यास मनाई आहे. दिलीच तर पशुवैद्याने सांगितलेल्या काळात ते दूध माणसांना किंवा वासरांना देऊ नये, शेण-मूत्र हातमोजे घालूनच उचलावे आणि गर्भवती स्त्रीने त्या जनावराची कामे करू नयेत. रोग स्वतः जनावरापासून माणसाला किंवा दुसऱ्या जनावराला लागत नाही. इथे काळजी घ्यायची ती औषधाची.

काही जनावरांवर उपचार न करणे हाच योग्य निर्णय असतो. कानाखालची लसिका गाठ मोठी झाली आहे, वाढ हाडात शिरली आहे, जनावर खात नाही, व्रणातून सतत रक्त येते, अशा स्थितीत शस्त्रक्रिया म्हणजे वेदना लांबवणे होय. अशा जनावराला लांबच्या प्रवासाला पाठवू नये. प्रवासात व्रण चिरडतो, रक्तस्राव होतो आणि मांस तपासणीत पसरलेला कर्करोग आढळल्यास ते बाद ठरते. पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देण्याचा कायदेशीर पर्याय जिथे उपलब्ध असेल तिथे तो वेळेवर घ्यावा. नसेल तिथे वेदनाशामके, सावली, स्वच्छता आणि मऊ चारा यांत कसूर करू नये.

पुढची पिढी आणि गोठ्यातील बदल

प्रतिबंधाचा पहिला भाग सावली. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, जेव्हा अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात, गुलाबी कातडीची जनावरे झाडाखाली किंवा छपराखाली असावीत आणि चरण्यासाठी सकाळ-संध्याकाळची वेळ धरावी. ढगाळ दिवशीही हे किरण बऱ्याच प्रमाणात पोहोचतात, आणि उंच पठारांवर ते अधिक तीव्र असतात. मोजक्याच जनावरांचा प्रश्न असेल तर कान आणि नाकाच्या गुलाबी भागावर झिंक ऑक्साइडचे मलम लावता येते, पण जनावर ते चाटून टाकते, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. घोड्यांसाठी अतिनील किरण अडवणाऱ्या जाळीचे मुखवटे मिळतात आणि ते माश्याही दूर ठेवतात.

जिथे शिंगांची गरज नाही तिथे वासराच्या शिंगकळ्या पहिल्या काही आठवड्यांतच, भूल देऊन, पशुवैद्याकडून काढून घेतल्यास शिंगाच्या कर्करोगाचा प्रश्नच उरत नाही. कामाच्या बैलांच्या शिंगांना जू, दोर किंवा पत्र्याची कड सतत घासणार नाही, हे पाहावे. ओळखीसाठी डागण्याऐवजी कानात बिल्ला मारावा.

सर्वांत जास्त उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय पैदाशीचा आहे. पापण्यांभोवतीचे काळे रंगद्रव्य आनुवंशिक असते. हेअरफोर्डसारख्या पांढऱ्या चेहऱ्याच्या जातींत डोळ्यांभोवती काळे-तपकिरी वर्तुळ असलेले वळू निवडले तर पुढच्या पिढ्यांत डोळ्याचा कर्करोग कमी होतो. वळू विकत घेताना त्याचे वजन आणि आईचे दूध विचारले जाते. त्याच्या पापण्यांची कड काळी आहे का, आणि त्याच्या आईला उतारवयात डोळ्याचा काही त्रास झाला होता का, हेही तितक्याच आवर्जून विचारावे. ज्या गाईला हा रोग झाला तिच्या कालवडी पैदाशीसाठी ठेवायच्या की नाही हे ठरवताना नोंदवही उघडावी लागते, आणि म्हणून तिच्यात गाठीच्या नोंदीसमोर आईचा आणि वळूचा क्रमांक लिहिलेला असावा.

उपचार झालेल्या जनावराची पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पूर्ण तपासणी करावी. जुन्या जागेच्या कडा, कानाखालची लसिका गाठ आणि दुसरा डोळा किंवा दुसरे शिंग पाहावे, कारण ज्या कातडीने एका बाजूला इतकी वर्षे ऊन सोसले तिने दुसऱ्या बाजूलाही ते तितकेच सोसलेले असते. टाक्यांच्या रेषेवर कुठे खपली धरली असेल तर ती ओल्या कापसाने पुसून पाहावी. पुसली गेली नाही तर त्याच आठवड्यात पशुवैद्याला बोलवावे.